नरम मिरचीचा प्रश्न

दोन हजार बावीस साली दिवाळीनंतर हे सुरू झालं आणि तेवीसच्या संक्रांतीनंतर मिटलं. साल लक्षात राहायचं कारण वेगळंच आहे. त्या वर्षी परतीचा पाऊस लांबला आणि नंदुरबारच्या पथारींवर मिरची उशिरा आली. पथारी म्हणजे गावाबाहेरची मोकळी मैदानं. शेतकऱ्यांकडून घेतलेली ओली लाल मिरची व्यापारी तिथे पसरून वाळवतात. हंगामात सुरतेकडून येणाऱ्या गाडीतला झोपलेला माणूससुद्धा नंदुरबारला बरोबर उठतो. ठसका लागतो त्याला.

मी वत्सलाबाई. माहेर तापीकाठचं प्रकाशा, सासर नंदुरबार. इथल्याच एका शाळेत मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. मी शाळेला लागले तेव्हा स्टेशनबाहेर टांगे उभे असत आणि इंग्रजीच्या पुस्तकात बर्फात खेळणाऱ्या मुलांचा धडा होता. मुलांना बर्फ कळेना म्हणून मी गोळेवाल्याला त्याच्या गाडीसकट वर्गाच्या दाराशी बोलावलं. हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावून विचारलं, "बाई, धडा शिकवता की जत्रा भरवता?" पुढे पुस्तकं बदलली, हेडमास्तर बदलले, टांगे जाऊन रिक्षा आल्या. तो गोळेवाला मात्र मला या प्रकरणात फार आठवला.

निवृत्त झाल्यावर संध्याकाळी माझ्या ओट्यावर मुलं यायला लागली. कोणाला मुलाखत द्यायची असे, कोणाला नोकरीची परीक्षा. फी मी कधी घेतली नाही. कोणी केळ्यांची फणी आणी, कोणी नुसतंच गोड बोले. त्यांत सत्तारची अलमास होती. सत्तार रिक्षावाला. माझे गुडघे दुखायला लागल्यापासून शाळेत जायला मला त्याचीच रिक्षा लागे. त्याची बायको अख्तरबानो पथारीवर मिरचीचे देठ खुडायला जाई. अलमास लहान असताना तिथेच गोणपाटावर खेळत वाढली. दहावीपर्यंत उर्दू शाळा, मग विज्ञानाची पदवी. मुलगी बोलायला कमी, पण एकदा विचारलेलं विसरणार नाही अशी.

त्या वर्षी गावाबाहेर एका परगावच्या कंपनीने मोठं गोदाम बांधलं. मसाल्याचा माल परदेशी पाठवायचा, म्हणून तपासणीच्या टेबलावर इंग्रजी येणारी माणसं हवी होती. त्यांनी इंग्रजीची लेखी परीक्षा ठेवली. गावातली, कोरीटची, शहाद्याकडची चाळीसेक मुलंमुली बसली. त्यांतली निम्मी माझ्या ओट्यावरची.

निकालाच्या दिवशी सत्तार रिक्षा दारात आडवी लावून आत आला. मागे अलमास.

"बाई, देखो क्या चिपकाया है गेट पे," तो म्हणाला. फोनवर त्याने फोटो काढून आणला होता. कंपनीच्या फाटकावरची ती सूचना होती. सामूहिक कॉपीच्या संशयावरून खालील उमेदवारांचे निकाल रोखून धरले आहेत, आणि खाली नावं. पहिलं नाव अलमासचं, कारण सगळ्यात जास्त गुण तिचे.

"मी कोणाचं पाहिलं नाही बाई," अलमास म्हणाली. "पहिल्या बाकावर होते. पाहणार कोणाचं?"

"मग तुझं पाहिलं असेल कोणी," मी म्हटलं.

"एवढ्या सगळ्यांनी? मी काय फळा आहे?"

सत्तार म्हणाला, "रिक्षा में बैठा एक आदमी मेरे कू बोलता, सत्तारभाई, बेटी का नाम गेट पे आया, मुबारक हो. मैंने उसको स्टेशन के पहलेच उतार दिया."

"अब्बा, त्याने भाडं दिलं का?"

"नहीं दिया."

"मग त्याचाच फायदा झाला," अलमास म्हणाली, आणि तोंड फिरवून ओट्याच्या कठड्याकडे पाहत बसली. रडत नव्हती. तिकडेच पाहत म्हणाली, "नोकरी नाही दिली तरी चालेल. हा शब्द माझ्या नावावरून काढला पाहिजे. उद्या मी कुठेही अर्ज केला तरी गावातलं कोणीतरी सांगणारच, ती ना, ती कॉपीवाली."

दुसऱ्या दिवशी मी आणि ती कंपनीत गेलो. तिथले साहेब नवनीत म्हणून होते, इंदूरचे. मराठी चांगलं बोलत. माणूस उद्धट नव्हता, तेच मला अवघड गेलं. उद्धट माणसाशी भांडता तरी येतं.

"मॅडम, माझी बाजू बघा," ते म्हणाले. "पेपर आम्ही एका एजन्सीकडून काढून घेतला. त्यांनी तो मशिनीत घालून तपासला, तर पातळी आली पदवीच्याही वरची. अवघड पेपर. आणि इथल्या निम्म्या मुलांना सत्तरच्या वर गुण. ठीक आहे, हुशार असतील. पण मग एका प्रश्नात या सगळ्या हुशार मुलांनी एकच चूक केली. तीच चूक, जवळजवळ त्याच शब्दांत. तुम्ही शिक्षिका होता. तुम्हाला काय वाटलं असतं?"

मला काय वाटलं असतं ते मला ठाऊक होतं.

अलमास म्हणाली, "सर, बाहेरच्या कोणा जाणकाराने तपासलं तर तुम्ही ऐकाल?"

नवनीत जरा हसले. "आणा. संक्रांतीपर्यंत मी वरती काही कळवत नाही. उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स नावं झाकून देतो, नुसत्या नंबरावर."

घरी येऊन मी रुपाला फोन लावला.

रुपा कोरीटची. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलींमध्ये तिच्याइतकी चौकस दुसरी पाहिली नाही. एकदा तिने एका मुलाच्या वहीतल्या निबंधावरून सांगितलं होतं, बाई, हा याने नाही, याच्या वडीलभावाने लिहिला. कशावरून, विचारलं तर म्हणाली, याला स्वल्पविराम माहीतच नाही. आता ती बडोद्याला विद्यापीठात होती आणि कोर्टकचेऱ्यांच्या कामात भाषेचा पुरावा तपासून देत असे. त्या विद्येला न्यायसहायक भाषाविज्ञान म्हणतात. धमकीचं पत्र कोणी लिहिलं, जबाब खरंच त्या माणसाच्या तोंडचा आहे का, परीक्षेचा पेपर जितका सांगतात तितका सोपा किंवा अवघड होता का, असलं सगळं.

"बाई, कश्या शेतस तुम्ही?"

"मी बरी शे. तुन्हाशी काम शे."

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, एक आधी सांगते. मी येईन. पण कॉपी झालेली दिसली तर तसंच लिहीन. कोणाचंही नाव असो."

"लिही," मी म्हटलं. आणि मी फोन ठेवला. पण त्या यादीत तिच्या सख्ख्या भावाचा, भूपेंद्रचा मुलगा भाग्येशही होता, आणि हे तिला मी सांगितलं नव्हतं.

रुपा आली ती सकाळच्या गाडीने. सत्तारनेच तिला आणलं. वाटेत त्याने तिला विचारून घेतलं असावं, कारण आत येता येता म्हणाला, "बाई, मुर्दे का डाक्टर होता है ना, वैसी ये कागज की डाक्टर है."

"आणि तुमची रिक्षा तो दवाखाना," रुपा म्हणाली. "हाडं मोकळी झाली माझी."

ओट्यावर सतरंजी टाकून तिने काम मांडलं. मला वाटलं होतं ती आधी उत्तरं तपासेल. तिने ती बाजूला ठेवली आणि नुसता प्रश्नपत्रिकेचा कागद घेतला.

"आधी पेपर खरंच अवघड होता का ते पाहू," ती म्हणाली. "मशीन काय करतं, वाक्य किती लांब आणि शब्द किती दुर्मीळ हे मोजतं. वाक्यं इथे आखूडच आहेत. मग पातळी वर गेली ती शब्दांमुळे. हे पाहा, मॉइश्चर. कन्साइनमेंट. स्टेमलेस. फंगस. जगाच्या इंग्रजीत हे शब्द कमी सापडतात, म्हणून मशीनने अवघड धरले. आता मला सांगा, यांतले शाळेत कुठले येऊन गेले?"

इथे माझा उपयोग झाला. कोणत्या सालच्या पुस्तकात कोणता धडा होता हे मला अजून आठवतं. औषध घेतलं की नाही हे आठवत नाही, ती गोष्ट निराळी. ती शब्द वाचत गेली, मी सांगत गेले. निम्मे शब्द कुठल्याच पुस्तकात नव्हते.

"मग मुलांना आले कसे?" रुपाने विचारलं.

अलमास दाराशी बसून वाटाणे सोलत होती. ती म्हणाली, "गोणीवर असतात."

"म्हणजे?"

"रिकाम्या गोण्यांवर, बारदानावर. स्टेमलेस, ग्रेड, मॉइश्चर, लॉट नंबर. अम्मी देठ खुडायची, मी गोणीवरचं वाचत बसायची. एबीसीडी मी शाळेच्या आधी तिथेच शिकले. कन्साइनमेंट तर ट्रान्सपोर्टवाल्याच्या प्रत्येक पावतीवर असतं. तो शब्द नंदुरबारमध्ये कोणाला येत नाही?"

रुपाने लिहायचं थांबवून तिच्याकडे पाहिलं. मग दुपारी उन्हात ती सत्तारच्या रिक्षातून बाजारात फिरून आली. दुकानांच्या पाट्या, गोण्या, ट्रकांच्या मागची अक्षरं, सगळ्याचे फोटो काढले. परत आली ती शिंकतच.

"बाई, तुमच्या गावापुरता हा पेपर नववीचा आहे," ती नाक पुसत म्हणाली. "इंदूरला किंवा पुण्याला अवघड असेल. अवघडपणा पेपरात नसतो, पेपर आणि वाचणारा यांच्या मध्ये असतो. तेव्हा सत्तर गुणांचं नवल काही नाही. आता ती एकसारखी चूक पाहू."

तो शेवटचा प्रश्न. सगळ्या पेपरात त्याचे शब्द सगळ्यात सोपे होते. गोदामाच्या अंगणात वाळलेली मिरची पसरली आहे. सकाळी गोदामपाल येऊन पाहतो तर ती हाताला नरम लागते. त्याने सर्वांत आधी काय करावं, ते दोन वाक्यांत लिहा.

"थांबा," रुपा म्हणाली. "उत्तरं पाहण्याआधी आपणच सोडवू. मी असं नेहमी करते. बाई, तुम्ही त्या कोपऱ्यात बसा. मी इकडे."

मी चष्मा लावून दोन वाक्यं लिहिली. तिने लिहिली. मग तिने मुलांची उत्तरं काढली आणि आम्ही वाचली. आम्हाला चूक कुठे दिसेना. मी पुन्हा वाचली. सगळ्यांनी बरोबर लिहिलं होतं.

"उत्तरतालिका छापताना घोळ झाला असेल," मी म्हटलं.

रुपाने तालिका उघडली. तिथे लिहिलं होतं, भरणं थांबवावं, माल पुन्हा उन्हात वाळवावा, वरिष्ठांना कळवावं.

"पुन्हा वाळवावा?" मी म्हटलं. "काबर?"

मुलांनी लिहिलं होतं, ऊन तापायच्या आत पटापट गोण्या भराव्या. मीही तेच लिहिलं होतं. आणि रुपाच्या कागदावरही तेच होतं. आमच्याकडे वाळलेली मिरची दुपारी कोणी भरत नाही. दुपारी ती कडक असते, हात लावला की तुटते, बी सांडतं, भाव पडतो. पहाटेच्या दवात ती जरा नरमते, तेव्हा मजूर बाया अंधार सरता सरता पथारीवर जातात आणि ऊन चढायच्या आत गोण्या भरून मोकळ्या होतात. नरम मिरची म्हणजे भरायची मिरची. हे शिकवावं लागत नाही. माझ्या वडिलांच्या शेतावर मी लहानपणी हेच पाहिलं, रुपाने कोरीटला पाहिलं.

रुपाने एका मुलाचा, माझा आणि तिचा असे तीन कागद शेजारी शेजारी ठेवले. मग हळूच म्हणाली, "बाई, आपण दोघींनीही कॉपी केली का?"

आणि आम्ही दोघी हसलो ते अलमास सोललेल्या वाटाण्यांनी भरलेलं सूप घेऊन बाहेर येईपर्यंत हसत होतो.

"त्यात काय आहे, साहेबाला पथारीवर नेऊन दाखवू," मी म्हटलं. "मुठीत मिरची दिली की झालं."

"नाही बाई. त्याने एवढंच कळेल की मिरची सकाळी नरम असते. मुलांनी एकमेकांचं पाहिलं नाही, हे त्यातून सिद्ध होत नाही. ज्यांना एकमेकांचं पाहताच आलं नसतं अशी माणसं पाहिजेत मला."

मग तिने तो एकच प्रश्न, आजूबाजूला दुसरे साधे प्रश्न घालून, प्रकाशाच्या आणि शहाद्याच्या अशा मुलांना दिला ज्यांनी ती परीक्षा दिलीच नव्हती. कोणाला मंदिराच्या ओवरीत बसवून, कोणाला कॉलेजात, वेगवेगळ्या दिवशी. तिकडे बडोद्यात आपल्या विद्यार्थ्यांनाही दिला. आमच्याकडच्या बहुतेकांनी लिहिलं, लवकर भरा. बडोद्याच्या बहुतेकांनी लिहिलं, वाळवा. आमच्यातला एकच मुलगा वाळवा म्हणाला; चौकशी केली तर त्याचे वडील बँकेत बदलीवर आलेले, नागपूरचे.

इथवर सगळं चांगलं चाललं होतं. एका संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर रुपा दोन उत्तरपत्रिका हातात धरून बसली होती. चेहरा उतरलेला.

"या दोघांचं वेगळं आहे," ती म्हणाली. "निबंध होता, एका प्रवासाविषयी. दोघांनी इटारसीच्या मावशीकडे प्रवास केला आहे. दोन्ही मावश्या जिन्यावरून पडल्या आहेत. दोघींचा उजवा पाय मोडला आहे, आणि दोघींनी पाहुण्याला आल्याबरोबर पेरू दिले आहेत. नरम मिरचीचं कारण गावात सापडतं. या मावशीचं कारण गावात नाही. बाई, एक अक्षर मी ओळखते. लहानपणी मीच गिरवायला शिकवलं त्याला."

मी चहा खाली ठेवला.

"तुम्हाला ठाऊक होतं तो बसलाय ते?"

"होतं. रुपे, भावाचा मुलगा आहे. तेवढा एक कागद..."

"तेवढा एक कागद लपवला तर बाकीच्यांचं कशाला कोणी खरं मानेल? मलाच ठाऊक असेल ना एक लपवलाय ते. मग मी त्या साहेबासमोर अलमाससाठी काय तोंडाने बोलू?"

दुसऱ्या दिवशी तिने भाग्येशला बोलावलं. तो केस भिजवून, चापून बसवून आला. वाकून पाया पडला.

"भाग्येश, तुन्ही मावशी कोठे ऱ्हास?"

"दोंडाईचाले, फुई."

"मंग इटारसीले कोण शे?"

तो आत्यासमोर सतरंजीची दशी ओढत बसला.

"पाय कोना मोडना?"

"दलसिंगना मावशीना," तो पुटपुटला. दलसिंग हा शहाद्याच्या वरचा, डोंगराकडचा मुलगा, परीक्षेत त्याच्या पुढे बसलेला. "फुई, माले काही सुचतच नही व्हतं. मी आजपर्यंत परवास तरी कोठला कया? कोरीट ते नंदुरबार."

"मग तोच लिहायचा होता," मी न राहवून म्हटलं. "कोरीट ते नंदुरबार. वाचायला आवडला असता मला."

दलसिंगची मावशी खरीच होती. रुपाने त्याच्या घरी फोन करून विचारपूस केली, तर मावशीच फोनवर आली आणि तिने पायाची सगळी हकिकत पहिल्यापासून सांगितली. रुपाला फोन ठेवता येईना.

संक्रांत झाल्यावर कंपनीत बैठक झाली. नवनीत, रुपा, अलमास आणि मी. रुपाने अहवाल ठेवला आणि आधी पेपराच्या अवघडपणाचं सांगितलं. गोण्यांचे फोटो पाहताना नवनीत कुतूहलाने पुढे वाकले. पण मग म्हणाले, "शब्दांचं पटलं. पण शेवटच्या उत्तरात वाक्यरचनाही सारखी आहे. सगळ्यांनी ऊन तापण्यापूर्वी, ऊन तापण्यापूर्वी अशीच सुरुवात केलीय."

"ते वाक्य माझं," मी म्हटलं. "कुठलंही काम कधी करायचं ते आधी सांगून मग काम लिहा, असं मी पहिल्यापासून शिकवत आले."

"माझंही तसंच आहे," म्हणत रुपाने आपला कागद पुढे केला. "मी यांच्याकडे शिकून गेले तेव्हा ही मुलं जन्मलीही नव्हती. याला कॉपी म्हणायचं तर पहिली आरोपी मी."

मग तिने प्रकाशाची, शहाद्याची, बडोद्याची उत्तरं दाखवली. आणि शेवटी, कोणी विचारलं नसताना, भाग्येशचा कागद काढून म्हणाली, "इथे मात्र कॉपी आहे. हा माझा भाचा. नंबरावरून नातं तुम्हाला कळणार नाही म्हणून सांगते."

नवनीतांनी तो कागद वाचला, दलसिंगचा वाचला. "पेरू सुद्धा," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा मोकळे हसले. मला वाटतं, त्यांना खरी खात्री पटली ती त्या कागदाने. मी तो लपवायला सांगत होते.

"पण मॅडम, एक राहिलं," ते रुपाला म्हणाले. "उत्तर चूक आहेच ना? दमट माल आम्ही भरू शकत नाही. समुद्रातून महिनाभर जातो, बुरशी धरते."

"तुमच्या गोदामात चूक आहे," रुपा म्हणाली. "पथारीवर बरोबर आहे. तुमची पद्धत त्यांना नोकरीवर घेऊन शिकवा. पण हा इंग्रजीचा प्रश्न नव्हता. मुलांना इंग्रजी समजलं, म्हणूनच त्यांनी हे उत्तर लिहिलं."

अलमास तोवर गोण्यांचे फोटो गोळा करत होती. ती म्हणाली, "सर, उद्या सकाळी पथारीवर याल? आता सिद्ध करायला नाही. नुसतं पाहायला."

ते आले. थंडी होती, कानाला मफलर बांधून आले. लाल मैदान धुक्यात जरा विटकरी दिसत होतं. अख्तरबानो आणि तिच्या सोबतिणी गोण्या भरत होत्या. अलमासने एक मूठ मिरची त्यांच्या हातात दिली, त्यांनी दाबली, ती नुसती वाकली. मग तिने फडक्यात बांधून घरून आणलेली, आदल्या दिवशी चुलीपाशी ठेवलेली मिरची दिली. ती दाबल्याबरोबर चुरा झाली आणि सगळं बी त्यांच्या बुटांवर.

"साब, वो हाथ अब आँख को मत लगाना," अख्तरबानो म्हणाली. बायका हसल्या. तोवर त्यांनी लावला होता.

मग पाण्याची बादली, डोळे धुणं, एक बाई म्हणते दूध लावा, दुसरी म्हणते तूप. लाल डोळ्यांनी ते अलमासला म्हणाले, "नवी सूचना आज लागेल. तो प्रश्न सगळ्यांचा रद्द."

"त्याच फाटकावर, सर," अलमास म्हणाली. "तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. आणि सामूहिक कॉपी नव्हती असं लिहा. संशय मागे घेतला, असं नको. मागे घेतलेला संशय राहतोच."

त्यांनी तसंच लिहिलं. सत्तारने त्या दिवशी जो बसेल त्याला त्या फाटकावरून नेलं, स्टेशनला जायचं असलं तरी.

आता पुढचं. भाग्येशला अर्थातच घेतलं नाही. भूपेंद्रने बहिणीशी वर्षभर बोलणं टाकलं, राखीलाही आला नाही. दुसऱ्या वर्षी आला, आणि जेवताना स्वतःच म्हणाला की पोरगं आता शेतात बरं लक्ष घालतं. भाग्येश पपईची रोपं विकतो. मध्यंतरी इटारसीला जाऊन आला, मावशीला पेरू घेऊन. दलसिंग कंपनीत लागला, सहा महिन्यांत सोडून वनखात्यात गेला. मावशीचा पाय बरा आहे.

रुपा बडोद्यालाच आहे. दर वर्षी नव्या मुलांना पहिल्या दिवशी तोच प्रश्न सोडवायला देते आणि कोणाचं गाव कुठलं ते ओळखते. नवनीत इंदूरला परत गेले. दिवाळीला त्यांचा संदेश येतो, आणि मी त्यांना किलोभर मिरची पाठवते, पार कडक वाळलेली. सत्तारने बॅटरीची रिक्षा घेतली. आवाज होत नाही, त्यामुळे त्याचं बोलणं जास्त ऐकू येतं. माझे गुडघे आहेत तसेच आहेत. ओट्यावर मुलं येतात. अलीकडे मी त्यांना आधी आपापल्या गावाविषयी लिहायला लावते, मग बाकीचं.

अलमासच्या नावामागे तो शब्द पुन्हा कोणी लावला नाही. ती आता कंपनीत तपासणीची प्रमुख आहे. मागच्या हंगामात कंपनीने स्वतःसाठी एक पथारी भाड्याने घेतली, आणि एका सकाळी मी फिरत फिरत तिथे गेले. नरम मिरची गोण्यांत भरायला घेतलेल्या बायकांना अलमास थांबवत होती. हातात मॉइश्चर, म्हणजे ओलावा, मोजायचं यंत्र. भरू नका, आधी वाळवा, म्हणत होती. अख्तरबानो कमरेवर हात ठेवून उभी.

"देखो बाई," ती मला म्हणाली, "जिस जवाब के वास्ते इतना लडी, वोच जवाब अब मेरे कू गलत बोलती."

"अम्मी, पेपरमें सही था," अलमास म्हणाली, आणि यंत्र पुढच्या ढिगात खुपसलं.